पाव्हण्या कुत्र्याला सटीचा घास

माजं म्हायेर हिर्डोशीचं, वरंधा घाटाच्या अंगाला. तुमी गाडीनं गेला आसाल तिकडनं, पन आमी चालतच मोठं झालो, यष्टी यायची तवा यायची, तिच्यावर कोन भरवसा ठेवतंय. भात, नाचणी, चार म्हशी आन दोन कुत्री. कुत्री म्हंजी राखणीची, रानडुकरं भातात शिरत्यात म्हनून. त्यांना कुनी उचलून घेत नव्हतं का मुका घेत नव्हतं, काळं ते काळ्या आन पांढरं ते पांढऱ्या, एवढंच त्यांचं बारसं. पन माजी आय लई कडक, जेवायला बसलं का इचारायची, कुत्र्याला घातलं का, आन न्हाई म्हनलं का आमचं ताट मागं. तर ती सवय मला तवापासनंची.

लगीन होऊन भाटघरला आले. हितं धरणाच्या पान्याच्या कडंला आमचं घर, म्होरं मोठं आंगण, पडवी, मागं गोठा. म्हशी व्हत्या, म्हनून भोरात दुधाचा रतीब घालायची मी. किती वरसं घातला काय सांगू तुमाला, माज्या हातचं दूध पिऊन मोठी झालेली पोरं आता मला रस्त्यात वळखत बी न्हाईत. जाऊ द्या. त्या रतिबात एक बाई व्हत्या, बँकेतनं रिटायर झालेल्या, लई नीटनेटक्या. त्यांचे साहेब वारले आन मागं ऱ्हायला टफी. त्यो साहेबांचा कुत्रा, तपकिरी, कान लोंबतं, साहेबांनीच पिशवीत घालून आनलेला. बाईंना म्हनं आदी कुत्री आवडत बी नव्हती. पन साहेब गेल्यावर त्यो साहेबांच्या चपला घेऊन दारात बसायचा, तवापासनं बाई त्याला सोडून कुठं गेल्या न्हाईत.

एक दिस दूध घालाया गेले तर बाई भांडं हातात धरून नुसत्या उभ्या. काय झालं म्हनलं. म्हनल्या, बेंगलोरला सुनंला दिवस गेल्यात, आठ दिवस ये म्हंत्यात, पन ह्याला कुठं ठेवू. माज्या तोंडातनं निघून गेलं का ठेवा की माज्याकडं, आमचं आंगण काय कुनी पळवून नेतंय का. घरी येऊन मालकांना सांगितलं तर मालक म्हनले, जनमभर गुरं सांभाळली, आता कुत्र्यांचं लॉज काढ. म्या म्हनलं, काढते. तुमी म्यानेजर व्हा.

तर ती सुरवात. टफी पयल्या दिशी फाटकापाशी तोंड करून बसला, पाणी बी पियाना. मी बी तिथंच बसले, तांदूळ निवडत, त्याच्याशी काय बोलले न्हाई. दुपारच्याला त्यानं आपलं आपन येऊन माज्या लुगड्याच्या पदरावर तोंड टेकलं. झालं, तवापासनं त्यो घरचा.

बाई परत आल्यावर त्यांनीच भोरात चार जनांना सांगितलं. मग एक मास्तर आपली कुत्री घेऊन आले, पुण्याच्या एका डॉक्टरचं पान्याच्या कडंला फार्महाऊस हाय त्यांची दोन आली. आमी पडवीला जाळी मारली, गोठ्याची एक बाजू मोकळी केली, कारन म्हशी आता दोनच ऱ्हायल्या व्हत्या आन माजं गुडघं बी रतिबाला न्हाई म्हनाया लागलं व्हतं. एका टायमाला तीनाच्या वर घेत न्हाई मी. गावातल्या बाया हसायच्या, म्हनायच्या सुमनच्या घरी पाव्हणं चार पायाचं. हसा म्हनलं. मानसं पाव्हणी आली का उठता उठत न्हाईत, ही बिचारी वेळेवर जात्यात.

आता ज्यासाठी तुमी आला ते सांगते, बाकीचं कौतुक काय कुनी बी सांगंल.

मार्गशीर्षाचं दिवस. बाई महिनाभर नातवापाशी निघाल्या. टफी आता म्हातारपनाला लागलेला, म्हनून त्यांनी ह्या बारीला कागद लिवून दिला. मी चौथी शिकलेली, सावकाश वाचते. भात, उकडलेलं अंडं, दही, गोळी कवा द्यायची ते, आन खाली लिवलेलं, कांदा-लसूण नको. आता ऐका माजी अक्कल. इतकी वरसं मी त्या घरात दूध घातलं, मला ठावं व्हतं का बाईंच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण शिजत न्हाई, साहेब असताना बी नव्हता शिजत. म्या मनात म्हनलं, बग बाई कशा धर्माच्या, कुत्र्याला सुदिक चातुर्मास पाळाया लावलाय. मला त्येचं कौतुकच वाटलं. आन चातुर्मास कार्तिकीला सरला तरी आमच्याकडं वांगं-कांद्याचा नेम सुटतो कवा, तर चंपासटीला. म्हंजी सटीपातुर द्यायचा न्हाई, मग मोकळं.

सट आली. आमचं कुलदैवत खंडोबा, कुत्रं म्हंजी देवाच्या सोबतीचं. वांग्याचं भरीत, पातीचा कांदा, लसूण, बाजरीचं रोडगं, असा निवद. तळी उचलली, येळकोट येळकोट झालं, आन मग कुत्र्याला कपाळावर भंडारा लावून घास द्यायचा, त्याच्याबिगर घरात कुनी जेवायचं न्हाई. आळीतल्या कुत्र्यांना एक एक घास दिला. पन टफी तर पाव्हणा. त्यात देवाच्या सोबतीचा, त्यात नेम सुटलेला. त्याला म्या ताटच वाढलं, दोन रोडगं आन वर भरीत मायंदळ. त्यानं ताट चाटून पुसून ठेवलं. मला काय आनंद झाला सांगू तुमाला, मालकांना म्हनलं, बगा, बिचारा चार महिने उपाशी व्हता ह्या चवीला.

तिसऱ्या दिशी त्यो उठला न्हाई. हिरड्या बगितल्या तर पांढऱ्याफटक, लघवी केली तर लाल. मालकांनी टेम्पो आनला, टफीला मांडीवर घेऊन भोरात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेला. त्यांनी इचारलं काय खाल्लं. म्या म्हनलं घरचंच, देवाचा निवद. कांदा व्हता का म्हनल्या. व्हता की. तशा त्या म्हनल्या, मावशी, कांदा कुत्र्याला ईख असतंय, अंगातलं रगत फुटतंय त्यानं. गावातली कुत्री एक घास खात्यात म्हनून निभावत्यात. सलाईन लावलं, सुया दिल्या, आन म्हनल्या तीन-चार दिस काढलं तर हातात लागंल, न्हाईतर सांगता येत न्हाई.

घरी आलो. मालक म्हनले, बाईंना आत्ताच काय बोलू नगं, त्या तिकडं लांब, जिवाला घोर लावून घेतील, बरा झाला तर कळायचं बी न्हाई. त्यांचं बी खोटं नव्हतं. पन मी पडवीत बसले त्याच्यापाशी, त्याचं पोट भात्यावानी हालत व्हतं. त्या बाईंकडं साहेबांचं आता ह्येच तेवढं जित्तं ऱ्हायलंय. त्यो गेला आन बाईंना शेवटची भेट न्हाई, तर मी कुठल्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ. फोन लावला. गोड बोलायचं ठरवलं व्हतं, पन बोलले ते एवढंच, बाई, म्या टफीला कांदा चारला.

बाई म्हनल्या, मी निघते.

दुसऱ्या दिशी दुपारी बाई थेट भाटघरला. माज्याशी बोलल्या न्हाईत. पडवीत टफीच्या शेजारी जमिनीवर बसल्या ते बसल्याच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं का त्याला हालवू नगा, म्हनून बाई आमच्याच घरी ऱ्हायल्या. मी च्या न्यावा, त्यांनी प्यावा, कप बाजूला ठेवावा. रागवल्या असत्या तर बरं झालं असतं, चार शिव्या मी बी घेतल्या असत्या. दोन दिस मला बी अन्न गोड लागलं न्हाई. देवाला म्हनलं, तुज्याच नावानं घातलं मी, आता तूच बग.

तिसऱ्या सकाळी टफीनं मान उचलली. म्या मऊ भात केला व्हता, त्यो बाईंनी त्याच्या तोंडापाशी नेला, त्यानं चाटला, आन मग मागनं पुरा संपवला. बाई रडाया लागल्या, मी बी. मग डोळं पुसून त्यांनी मला पयल्यांदा इचारलं, सुमनबाई, कागदावर लिहिलं होतं ना मी, मग दिलात का हो? आता काय लपवायचं. म्या सांगून टाकलं, मला वाटलं तुमी त्याचा बी चातुर्मास करताय.

बाई हसाया लागल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या, म्हनल्या, अहो, तो शेजारच्यांकडे जाऊन मटणाची हाडं चघळतो, त्याचा कसला आलाय चातुर्मास. मग मला बी हसू फुटलं, मालक गोठ्यातनं पळत आले, त्यांना वाटलं कुत्रं गेलं.

तवापासनं माजा एक नेम हाय. कुनी बी नवीन कुत्रं घेऊन आलं का आदी च्या देते आन ही सगळी हकिकत सांगते, माजी चूक मीच. ऐकून एक-दोन जन गाडी वळवून गेले बी. जाऊ द्या, त्यांचं खरंय. जे ऱ्हातात त्यांना मी उलट चार गोष्टी इचारून घेते, कागदावरच्या अक्षरापाठीमागचं कारन इचारते. डॉक्टरीणबाई बी आता महिन्यातनं एकदा येऊन बगून जात्यात.

टफी आता धा वरसांचा हाय, एका डोळ्यानं कमी दिसतंय. ह्यो बगा, तुमच्या पायापाशीच पसरलाय. बाई परवा बेंगलोरला गेल्या. म्या फोनवर म्हनलं व्हतं, बाई, सट जवळ आली, ती झाल्यावर जावा, मला भ्या वाटतंय. तर म्हनल्या, नाही, सटीला तो तुमच्याच घरी असू दे, त्याचा मान तिथं आहे, फक्त ताटात कांदा-लसूण तेवढा नको. असं म्हनाया काळीज लागतं, तुमी बगा. तर औंदा टफीसाठी बिनमिठाचा कोरा रोडगा करीन, वर दही. भंडारा लावीन. खंडोबानं त्या बाईंना सुखाचं ठेवावं, आन ह्याला बी.