ऑस्टिनच्या पोटाखाली

...आणि वर ती परीक्षक पोरगी मलाच विचारते, "आजोबा, खुर्ची आणू का?" आता तुम्हाला सांगतो, गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. एक्कावन्न सालची ऑस्टिन, माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटी, काउरा गावाजवळच्या एका शेतावर कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात, तिथून ओढून आणली, नऊ वर्षं शेडमध्ये घासली, ठोकली, रंगवली... आणि आमची बायको इल्मा म्हणते कशी, "क्लॅरी, यंदा पहिला नंबर आला तर ठेव. नाहीतर गाडी विकायची, शेड विकायची आणि मुलीजवळ राहायला जायचं." म्हणजे जुन्या गाड्यांच्या या प्रदर्शनात गाडी नाही, मीच उभा होतो म्हणा ना.

तर ही परीक्षक पोरगी, नोरेल नाव, हातात बॅटरी, वहीत खुणा करतेय. "इंजिन मूळचं?" मूळचं. "दारं?" मूळची. तेवढ्यात इल्मा थर्मासमधला चहा ओतता ओतता सांगते, "मालकाचे गुडघे तेवढे नवे आहेत. दोन्ही. आणि डोळ्यांतली भिंगंही." लोक हसले. हसू देत. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग नोरेल म्हणाली, "खालून बघायची होती, पण राहू दे, आजोबा." राहू दे? खालचा पत्रा मी सहा महिने घासलाय. घेतली बॅटरी आणि शिरलो गाडीखाली. शिरणं सोपं असतं हो... दाखवला एक एक नट, छान म्हणाली, वहीत लिहिलं, आणि आता बाहेर यायचं तर कंबर जागची हलेना. गुडघे नवे, पण कंबर मूळचीच ना. वरून इल्मा, "काय रे, झोपलास का?" मी म्हटलं, पत्रा बघतोय. पाच मिनिटं बघितला. शेवटी पलीकडच्या टपरीवर सॉसेज भाजणारे दोघे चिमटे ठेवून आले, एकेक पाय धरला, आणि ओढलं मला गवतावरून, पोतं ओढावं तसं. लोकांनी फोटो काढले. सगळ्यांत गाडी सुरेख आलीय.

दुसरा नंबर.

पहिला कुणाचा? शेजारच्या मॉरिस गाडीचा. मालकीण हेझल क्रॉली, वय एक्क्याण्णव. ही बाई निळा डगला चढवून गाडीखाली गेली, नोरेलला सगळं समजावलं, आणि आपली आपण बाहेर येऊन हात पुसत उभी राहिली. मी आपला अभिनंदन करायला गेलो. सांगितलं, की आता आमची गाडी विकायला निघाली, वय झालं माझं. तिनं मला वरून खाली नीट न्याहाळलं. "किती?" म्हटलं, शहात्तर.

"शहात्तर?" म्हणाली. "बाळा, मी शहात्तराव्या वर्षी ही मॉरिस विकत घेतली."

इल्मानं ऐकलं. थर्मासचं झाकण लावलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "शेडचं छप्पर गळतंय, ते आधी बघ."

तर गाडी राहिली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण सबंध मैदानात म्हातारा म्हणून मिरवावं म्हटलं, तर त्यातही आपला दुसराच नंबर.