माझी कशालाच हरकत नाही

न्हाय पावणं, तुमी हसू नका, चंदगडची गाडी यायला अजून येळ हाय, तवर बसा आन् मला एवढंच सांगा, शिकणाऱ्या पोरानं घरला पत्र लिवायचं तरी कवा? कवा लिवायचं? मघाशी तुमीच इचारलासा की, बी.एस्सी. झालेला माणूस हितं डेअरीच्या खिडकीत बसून दुधाचं फॅट का मोजतोय म्हणून... तर पत्रामुळं! तुमास्नी सांगतो, एका निळ्या आंतरदेशीय पत्रामुळं. दुसरं काय कारण न्हाय.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवची गोष्ट. मी कोल्हापुरात बोर्डिंगात ऱ्हायाला. बोर्डिंगातलं जगणं म्हंजे नुसती पळापळ बघा. उठलं की नळाला रांग, रांगंतनं सुटलं की बॉटनीचं प्रॅक्टिकल, ते आटपतंय न आटपतंय तवर लेक्चर, तिथनं मेसला पळायचं, जरा उशीर झाला की मेसवाला म्हणणार, "आमटी संपली, रस्सा घ्या," आन् रस्सा म्हंजे काय तर त्याच आमटीत वतलेलं पाणी! मग लायब्ररी, मग एन.एस.एस.वाले हातात कुदळ देणार, आन् त्यातनं जीव वाचला तर युवा महोत्सवाच्या एकांकिकेची तालीम. एकांकिकेत माझं काम काय, इचारा की... झाड! बॉटनीचा हाय म्हणून झाड! दीड तास हात वर करून हुबा ऱ्हायाचं, आन् त्याच हातानं नंतर घरला पत्र लिवायचं. पेन धरवत नव्हतं हो.

बरं, पत्र म्हंजे चार वळी लिवल्या आन् टाकलं पेटीत, आसं आमच्यात न्हाय. आमचे आण्णा, म्हंजे माझे वडील, त्यांचं नाव दादासो, त्यास्नी वाचाय येत न्हाय. मग माझं पत्र आलं की ते यायचं हितं, ह्या डेअरीत. तवाचा सेक्रेटरी पिराजी, तो संध्याकाळी दूध घालायच्या येळंला हितंच बसून मोठ्यानं वाचायचा, आन् सगळं गाव किटल्या घिऊन ऐकत हुबं. त्यामुळं पत्रात सगळ्यांची नावं पायजेत! आण्णांना आन् आईला जयभीम, थोरल्यांना नमस्कार, बारक्यांना आशीर्वाद, झालंच तर पिराजीकाकांनाबी. एकदा घाईत धोंडुबाईचं नाव ऱ्हायलं. धोंडुबाई म्हंजे आमची शेजारीण. तर तिनं म्हैना दीड म्हैना आमच्या आईशी बोलणं टाकलं. आई कळवळून निरोप धाडती, "बाबा, अभ्यास ऱ्हाऊ दे, पर धोंडुबाईला नमस्कार लिव." म्हंजे पत्रात दीड पान नमस्कार आन् शेवटाला दोन वळी, मी बरा हाय. आता सांगा, झाडानं हे लिवायचं कवा?

माझ्या शेजारच्या खाटंवर तोहिद. गडहिंग्लजचा, बी.कॉम.ला. डोकं आसं चालायचं त्याचं की वाईटाला चालू दे न्हायतर बऱ्याला. तो म्हणाला, "प्रसेनजीत, तू वर्साची पत्रं एकदाच लिवून ठेव. मी दर पंधरवड्याला एक पेटीत टाकत जातो. तू निवांत झाड हो." मला पटलं! रविवारी सांजच्याला मेस बंद आसतीया, तवा भेळ खाऊन बसलो आन् गठ्ठाच्या गठ्ठा लिवला. तारीख मोकळी, नमस्कार सगळ्यांना, धोंडुबाईला तर दोनदा. पर मधेच पेन थांबलं. म्हटलं, तोहिद, आण्णा पत्रात काय ना काय इचारणार, त्याचं उत्तर काय लिवू? त्यांचं पत्र तर अजून आलंबी न्हाय! तर तोहिद उशीवर डोकं टेकून म्हणतोय, "अरे, बापाच्या पत्राला एकच उत्तर आसतंय. लिव: तुम्ही म्हणता तसंच करूया. माझी कशालाच हरकत नाही."

आन् ते लागू पडलं की हो! आण्णा इचारायचे, म्हशीचं रेडकू ठेवावं का इकावं? पत्र जायाचं, तुम्ही म्हणता तसंच करूया. काजूची रोपं वरच्या तुकड्यात लावू का खालच्या? तुम्ही म्हणता तसंच करूया. आई इचारायची, तुझी जुनी शर्टं आत्याच्या पोराला देऊ का? माझी कशालाच हरकत नाही. गावात माझं नाव झालं! पिराजी पत्र वाचून झालं की चष्मा काढून म्हणायचा म्हणं, "शिकून पोरं शिंगं दाखवत्यात, आन् ह्यो बघा." आण्णा मान ताठ करून हुबे. आन् मी तिकडं झाड!

मग सांगलीला महोत्सव लागला. आठवडाभर आमी एकांकिकावाले तिकडं, तोहिद बोर्डिंगातच. परत आलो तर खाटंवर आण्णांचं पत्र पडलेलं, अक्षर पिराजीचंच. फोडलं. 'पिराजी आता थकला आहे, लेकीकडे गडहिंग्लजला जातो म्हणतो. सेक्रेटरीची जागा तुला द्यावी असे कमिटीचे मत पडले आहे. तू हो म्हण किंवा नाही म्हण, पण लवकर कळव.'

मला एम.एस्सी. करायची हुती हो! सरांनी स्वता सांगितलं हुतं, तुला प्रवेश मिळतोय, पुढं शीक, मास्तर हो. मी म्हटलं, तोहिद, ह्या पंधरवड्याचं पत्र थांबव! तर तोहिद आपला केस इंचरत म्हणतोय, "ते व्हय? ते कवाच गेलं की. आपण कामात चुकत न्हाय."

गावात फोन एकच, तो पावसात मेलेला. पळत सुटलो, मिळंल ती एस.टी. धरली. सगळ्या वाटंवर मनात म्हणत हुतो, आण्णा, मला न्हाय करायचं, आण्णा, मला शिकायचंय... आन् उतरलो तर हितंच, ह्या पायरीवर, हार! पेढं! पिराजी तर मलाच मिठी मारतोय, आनंद त्याला झालेला, सुटला की गडी! लेकीकडं जायाची पिशवीबी भरून ठेवलेली. धोंडुबाई मला ओवाळतीया. पिराजीनं माझं पत्र सगळ्या गावाला पुन्यांदा वाचून दाखवलं, "तुम्ही म्हणता तसंच करूया." मी तोंड उघडलं, म्हटलं, आण्णा, जरा बाजूला या, बोलायचंय.

बाजूला आलं. मी काय बोलायच्या आतच म्हणालं, "पोरा, एवढी वर्सं मी त्या खिडकीच्या भायर किटली धरून हुबा हाय. आपल्या वस्तीतलं कोणबी कवा आत बसलं न्हाय. आता तू बसणार." आन् डोळं पुसलं. माझ्या आण्णांनी डोळं पुसल्यालं मी त्याआधी कवाच बघितलं नव्हतं. कसं बोलायचं मग? सांगा की, कसं बोलायचं? आन् त्यांनी इचारलं, "तू काय म्हणत हुतास?"

म्हटलं, "काय न्हाय. तुमी म्हणता तसंच करूया."

झालं. परीक्षा दिली, वळकटी बांधली, आन् ह्या खुर्चीत बसलो, ते आजपातूर. सकाळी दूध, संध्याकाळी दूध, मधी कमिटीची मिटिंग. सभासद भांडत्यात, "माझं फॅट कमी कसं लागलं?" आन् मी बॉटनीवाला, त्यास्नी गवताच्या जाती समजावतोय! कवा कवा सपनात मी अजून लायब्ररीत आसतो. जाग आली की दरवाज्यात किटल्या वाजत आसत्यात.

आन् खरी गंमत तर पुढंच हाय. गेल्या आठवड्यात आण्णा हितं ह्याच बाकड्यावर बसलेलं. एकदम म्हणालं, "एक इचारू? तू तवा न्हाय म्हणशील आसंच मला वाटलं हुतं रं." मी म्हटलं, म्हंजे? तर म्हणालं, "कमिटीला तोंडावर न्हाय कसं म्हणायचं, म्हणून तुला पत्र घातलं. तुझं न्हाय आलं की म्हणणार हुतो, पोरगं ऐकत न्हाय, त्याला शिकायचंय. सुट्टीला आलास तवा एम.एस्सी.चं बोलला हुतास, त्यासाठी म्हैस इकायचीबी ठरवली हुती. तुझ्या आईलाबी सांगून झालं हुतं. आन् तुझं पत्र आलं, हरकत नाही म्हणून. मला वाटलं, पोराला घरची ओढ लागली. मग मी कशाला आडवं येऊ?"

आन् ते खिडकीचं, म्हटलं? ते डोळं पुसलेलं?

"ते खरं हुतं," म्हणालं. "पर तू मास्तर झाल्यालं बघून जास्त रडलो आसतो."

शेवटी धीर करून इचारलं, आण्णा, मग आता काय करू? सोडू का ही खुर्ची? जाऊ का कोल्हापूरला?

आण्णांनी टोपी सारकी केली, माझ्याकडं बघितलं, आन् म्हणालं, "तू म्हणतोस तसंच करूया. माझी कशालाच हरकत न्हाय."

आता मी काय म्हणायचं, ते मला कुणी शिकवलंय व्हय पावणं?