उत्तररंगाआधी उठलेला

(अकोल्यातलं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान. भर दुपार. टेबलावर नारळाएवढ्या चाकांची, वरचं कवच न चढवलेली एक गाडी.)

दामिनी : गाडी नाही देणार म्हटलं नं, काका. अन् हात नोका लावू, वायरी उघड्या हायेत.

खुशालराव : नाही लावत, पोरी. नुसता पाहून राहिलो. एवढी थोरली चाकं! मले वाटलं, रिमोटची गाडी म्हंजे तळहातावर मावंन असं काही असंन.

दामिनी : पाच किलोची मॉन्स्टर ट्रक हाय ही. दगडावरून उड्या मारते. या टेबलाचा अर्धा भाग तुमच्या अनुपचा होता. पत्रा त्यानं इथंच बसून कापला. गिअर दोनदा फेकले, तिसऱ्यांदा बसले. मोटर अन् रिमोट तेवढे इकत आणले.

खुशालराव : मोर्शीहून पयल्या एसटीनं निघालो मी. शनिवारी त्याचं वर्षश्राद्ध. देवळात माझंच कीर्तन ठेवलं हाय. मनात आलं, कीर्तनाआधी त्याची गाडी मंडपात फिरवावी. गावाले दिसंन, लेकानं काय घडवलं होतं.

दामिनी : त्याच देवळात?

खुशालराव : त्याच.

दामिनी : मंग तर बिलकूल नाही. तिथं भरल्या मंडपात तुमी काय म्हटलं होतं, सांगू? 'मानूस खेळण्यात रमला अन् खेळणं देणाऱ्याले विसरला. दूर कशाले जाता, आमचेच चिरंजीव पाहा! एकतीस वर्सांचे बाप्ये, रिमोटच्या गाडीसंगं खेळून राहिले. काल सुताराले पाळण्याचं माप देऊन आलो म्या!'

खुशालराव : तुले तोंडपाठ हाय.

दामिनी : त्यानंच म्हणून दाखवलं. तुमचा आवाज काढून. हसत होता. पान्हा मात्र हातातून दोनदा पडला. त्यानंतर तो गावाले गेला का एकदा तरी?

खुशालराव : कीर्तनात दृष्टांत द्यावाच लागते, बाई. घरचा मानूस धरला म्हंजे कोनाले लागत नाही, असं आमचे गुरुजी सांगत.

दामिनी : घरच्याले लागते नं.

खुशालराव : हो... लागते. मंग तो माह्याविषयी काय बोले? खरं सांगजो. मले बरं वाटावं म्हणून नोको सांगू.

दामिनी : गाडीच्या पाठीवर हा हात दिसते? उडी मारता मारता गाडी उलटली, की रिमोटचं बटण दाबायचं. हा हात बाहेर निघून जमिनीले रेटा देते अन् गाडी पुन्हा चाकांवर उभी राहते. यालेच चार महिने लागले, तरी थोडा राहिलाच. म्या म्हटलं, काहून एवढा जीव काढून राहिला? उलटली तर जाऊन उचलू. म्हणे, 'बाबांचा कायदा हाय. पूर्वरंगात ज्याले आपटलं, त्याले उत्तररंगात उचलल्याबिगर बाबा आरती म्हणत नाहीत.'

खुशालराव : असं म्हणे?

दामिनी : अजून ऐका. म्हणे, 'चूक माझीच. पूर्वरंग सरला, बाबांच्या गळ्यात हार पडला, लोक अजून हसतच होते, अन् मी उठून आलो. अर्धा तास कळ काढली असती, तर पुढं काय म्हणाले ते ऐकलं असतं.' डेंगूचा ताप भरला, तवाही तेच. 'काय म्हणाले असतीन वं, दामिनी?' म्या म्हटलं, फोन लाव, विचार. तर म्हणे, 'गाडी उठू दे आधी, मंग लावतो.'

खुशालराव : फोन आलाच नाही त्याचा.

दामिनी : आता तुमीच आले, तर सांगून टाका. काय म्हटलं होतं पुढं?

खुशालराव : पानी हाय का?

दामिनी : घ्या.

खुशालराव : चाळीस वर्सं उभा हाय मी कीर्तनाले. पांडुरंगाची आण, ज्याले पाडलं त्याले वर घेतल्याबिगर मी कधी आरतीले हात जोडले नाहीत. त्या दिवशी लोक हसले. लई हसले. तबल्यावरचा डोमाजी हसता हसता ताल चुकला. मले गोड वाटलं ते. मंग उत्तररंगात सुदाम्याच्या पोह्यांचं आख्यान लावलं. बाया रडल्या.

दामिनी : अन् अनुप?

खुशालराव : त्याचं नाव घ्यायचं राहून गेलं.

दामिनी : राहून गेलं?

खुशालराव : पुढं काही नवतंच, पोरी. विसरलो मी. त्याची जागा रिकामी दिसली, तवा वाटलं, पान थुंकाले गेला असंन. आरती झाली, नारळ घेतला, घरी येऊन जेवलो.

दामिनी : तो मरेपर्यंत त्याच एका वाक्याची वाट पाहत होता, काका.

खुशालराव : अन् मले ते आज समजून राहिलं. दवाखान्यात पोचलो, तवा त्याले शुद्ध नवती. कानापाशी तोंड नेऊन रामनाम म्हटलं. देवाशी बोललो, बाई. लेकाशी नाही.

दामिनी : बसा खाली. त्या स्टुलावर नोका, हलते तो. इथं खुर्चीत बसा.

खुशालराव : ठेव गाडी तुझ्यापाशीच. मंडपात मिरवायचं तोंड नाही मले. शनिवारी उभा राहीन अन् गावाले एवढंच सांगन, की म्या लेकाले पाडलं अन् तसाच ठेवला.

दामिनी : लोक नावं ठेवतीन.

खुशालराव : ठेवू दे. येतो मी. तीनची गाडी हाय.

दामिनी : थांबा. या हाताचे दोन स्क्रू अन् एक स्प्रिंग राहिली हाय. वर्ष झालं, माह्याच्यानं हातच लावनं झालं नाही. हा स्क्रूड्रायव्हर धरा.

खुशालराव : मी? चिपळ्यांशिवाय काही धरलं नाही या बोटांनी. मले जमंन का?

दामिनी : अनुपलेही पयले जमत नवतं.