कोरसचा बेसवाला

दोन बेस गिटारी असलेली गायन पार्टी तुम्ही कधी पाहिली का? आमची हाय, इथं नांदेडात.

झालं असं, की भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी मी नायगावहून मिलिंदला बोलावलं, आणि आमचे गायक प्रकाशमामा यांनी मला न विचारता कंधारहून सचिनला. दोघंही बेसवाले, दोघंही गिटार घेऊन हजर. आता परत कुणाला पाठवायचं? तालमीत दोघं एकदम वाजवायला लागले, तर मामांचा शब्दच ऐकू येईना.

मामा चिडले, "अरे, मी गाऊन राहिलो का ट्रॅक्टर चालवून राहिलो?"

मिलिंद गुपचूप गिटार पिशवीत भरायला लागला. तेव्हा सचिन म्हणाला, "थांब की. मामा ओळ म्हणतेत, मग कोरस तीच ओळ उचलतो. मामाच्या ओळीला तू वाजव, कोरसच्या ओळीला मी वाजवतो."

तसंच केलं. कार्यक्रमात आमच्या कोरसमधले दत्तूकाका असे गायले, की मामा मागं वळून बघायला लागले.

नंतर चहा पिताना मी विचारलं, "काका, आज काय झालं तुम्हाला?"

"मामासाठी समदेच वाजवतेत," काका म्हणाले. "आमच्यासाठी वाजवणारा आजच भेटला, बाबा."