वरून आलेलं

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई केव्हाची एकटी बसली होती. तिचा भाऊ धापा टाकत आला.

"किती उशीर, दादा! काकांची शुद्ध गेली."

"शाखेतल्या एका कॉम्प्युटरला नेटच मिळेना. केबल बदलली, मशीन बदललं, तरी ढिम्म. बघतो तर त्या जागेचा नेटवरचा पत्ताच फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटच्या नाक्यावर, अडवलेला."

"मग काढायचं की."

"शाखेत निघत नाही ते. मुख्य ऑफिसात जे लावलेलं असतं, ते खालच्या सगळ्यांना वारशाने येतं. वर जाऊन काढलं."

"अडवलं कुणी होतं?"

"आधीच्या साहेबांनी. ते वारले. कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही."

"आणि तू खुशाल काढलंस?"

"विचारणार कुणाला? एक टिचकी मारली, झालं सुरू."

"दादा, बाबांनी काकांकडचं येणं-जाणं का तोडलं होतं रे?"

"मला कुठे सांगितलं? तुला?"

"नाही. मी आपली तू काकांशी बोलत नाहीस म्हणून बोलले नाही."

"आणि मी बाबांमुळे."

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"पुतण्या. ही पुतणी."

"असं? शुद्धीत होते तोवर तर म्हणत होते, माझं कुणीच नाही."