तारीवरची गोधडी

हसू नका बायांनो, मले अजूनही त्याची लाज वाटते. आमच्या घरातलं नेट असं पयते का नातीचा क्लास कधी अटकत नाही. एक दिवस सक्काळीच ते बंद पडलं. कंपनीले फोन लावला तर मशीनच बोले, एक दाबा, दोन दाबा. चौथ्या दिवशी कुठं एक पोरगी लागली. म्हने, "आजी, गच्चीवरची तार एकदा पाहता का?"

म्या तोंडच सोडलं. "तार मी पाहू? मंग तू कायचा पगार खातं वं? मायबापानं हेच शिकवलं काय?"

पोरगी रडकुंडीले आली, तरी "सॉरी आजी" म्हने.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. गच्चीवरूनच ओरडला, "ह्या तारीवर ओली गोधडी कोनं वाळू घातली? तुटली ना तार!"

सून माह्याकडे पाहे. गोधडी माहीच होती.

तवापासून रोज फोन लावून राह्यली, त्या पोरीची माफी मागाले. मशीनच लागते. नात म्हनते, "आजी, तक्रारीले एक, बिलाले दोन. माफीचं बटनच नाही वं."