आहे, झोप

बायको : मान वळवा की. दाखवा डॉक्टरांना. हे बघा, कानाखाली. पुन्हा फुगलंय.

नवरा : दुकानात कपडे शिवायला टाकणारा जो तो विचारतो, मास्तर, घरी कानाखाली वाजली वाटतं!

बायको : चेष्टा पुरे. पहिल्यांदा तर मी गालगुंड समजून शेकत बसले होते.

डॉक्टर : गालगुंड नाही हो, काकू. घोरताना काकांचा श्वास अडकतो, तोंडात हवा कोंडते आणि लाळेच्या नळीतून उलट दिशेनं ग्रंथीत शिरते. म्हणून तर तो साचा करून दिला, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारा. मध्यंतरी सूज अगदी उतरली होती. काका, रात्री लावता ना?

नवरा : लावतो की.

बायको : माझ्या डोळ्यांदेखत लावतात.

डॉक्टर : आणि सकाळी उठता तेव्हा?

नवरा : तेव्हा... डबीत असतो.

बायको : डबीत? म्हणजे?

नवरा : तू झोपलीस की काढतो.

बायको : अहो! म्हणून परवा मशीनवर डुलकी लागून बोटात सुई गेली! इथे माझा जीव टांगणीला, आणि तुम्ही खुशाल काढून ठेवता?

डॉक्टर : टोचतो का, काका?

नवरा : छे! फिटिंग झकास आहे. मला अशी बाही बसवता आली असती तर! पण ही झोपेत विचारते ना.

बायको : मी? काय विचारते?

नवरा : "अहो, आहात ना?" रोज विचारतेस. डोळे मिटलेलेच. मी म्हणायचो, "आहे, झोप." की लगेच कूस बदलून गाढ.

बायको : मला काहीच आठवत नाही.

नवरा : साचा आल्यावर नुसतं "हं" करायला लागलो. त्यानं तुझं समाधान होईना. पुन्हा पुन्हा विचारायचीस. म्हणून एकदा तसाच बोललो, तर निघालं "आए, फोफ". तू ताडकन उठलीस, दिवा लावलास...

बायको : ते आठवतंय. मला वाटलं, झटका आला. तोंड वाकडं झालंय का, बघत होते.

नवरा : तेव्हाच ठरवलं, उत्तर स्पष्ट द्यायचं. तुझं विचारून झालं की पुन्हा लावू म्हणतो, पण तेवढ्यात माझाच डोळा लागतो.

(डॉक्टर चष्मा काढून पुसते.)

डॉक्टर : काका, साचा लावून बोलणं अडखळणारच. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

बायको : बोलूच नका. मी विचारलं की माझा हात दाबा.

नवरा : झोपेत कळेल तुला?

बायको : तुमचा हात मला कळणार नाही?

नवरा : बरं बाई. दाबेन.

डॉक्टर : आणि साचा सकाळपर्यंत तोंडात.

नवरा : सकाळपर्यंत. शब्द दिला.

बायको : आणि एखाद्या रात्री मी विचारलंच नाही तर?

नवरा : तरी दाबेन.